सुमीचे हात

१२ मे ७४
अकलूज. दिगूच्या सासुरवाडीला आलोय, मेव्हन्याच्या लग्नाला. मी, भाचा दिगू, त्याची बायको निर्मला आनी त्यांची पोर सुमी. हितं घरच्यासारखे चादरीचे माग न्हायत. एवढ्या शांततेत माजे कान दुखायला लागले.
सकाळी पितळी घागर फळीवरनं फरशीवर आपटली. म्हस बी उटून उभी राहिली. सुमी अंगनातल्या मातीत खेळत बसलेली, मान वर न्हाय. दिगूचा सासरा म्हनला, "पोरीला ऐकू येतंय न्हवं, आत्याबाई?" म्हनलं, "येतंय की. घरी माग बंद पडला की पयली हीच वळून बगती." पाच वर्साची झाली. बोलंल. दिगू बी उशिराच बोलला.

२० मे
सोलापूर. आल्या आल्या सुमी मागाच्या खोलीत पळाली. आमच्या मागावरच्या इस्माईलचाचाला हातानं सगळं लग्न सांगितलं. नवरदेव घोड्यावर, फेटा पडला, घोडं मुतलं. चाचा हसून लोळला, चादरीचा धागा तुटला तरी ध्यान न्हाय. चार मागांच्या खडखडाटात कोन तोंडानं बोलतंय? पानी पायजे तर अंगठा तोंडाकडं. सुताचा शेठ आला तर पोट दाखवायचं. पोरगी आमच्यापेक्षा जास्त बोलती. मला दाखवायची खून तिनंच काढली, कपाळाला आठ्या. वात्रट.

३ जुलै
निर्मलानं ऐकलं न्हाय. कानाच्या डॉ.कडं नेलं. त्यांनी पाठीमागं टाळी वाजवली, घंटी वाजवली. ढिम्म. मी जोरात पाय आपटला, लगेच वळली. "बगा!" म्हनलं.
डॉ. म्हनले, "आत्याबाई, ती फरशी ओळखते. आवाज नाही."
माग थांबला की पायाला कळतं तिला. एवढंच. निर्मला तितंच खाली बसली. रडून काय व्हतंय, औषद विचार म्हनलं. औषद न्हाय. "लहानपणी डोक्यात भाषा बसली तर बसते. पुढं फार अवघड. हिची वर्षं निघून चालली."
"मग आदी का न्हाय सांगितलं?"
"आधी आणलीत कुठे?"
हाताचं सांगितलं तर म्हनले, त्या खुणा झाल्या, भाषा नव्हे. असंल. चौथीपतूर शिकलेली मी.

१९ ऑग.
मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत घातली. छातीवर ऐकायच्या मशीनची डबी, कानात वायर. घरी आली, मागाच्या खोलीत गेली आनी किंचाळली. वायर उपसून काडली. जरा ऐकू येतंय म्हनजे. पयला आवाज तो मागाचा.
शाळेच्या बाई कडक. "घरात हात बंद. हातानं मागितलं की द्यायचं नाही." दिगू व्हय म्हनला. मागाच्या खोलीला कडी लावली. चाचाला बी सांगितलं, पोरीसमोर हात हलवू नका. म्हनला, "हात बांद को माग कैसा चलाना, आक्का?"

२ सप्टें.
सुमी अंगठा तोंडाला लावून उभी. निर्मलानं तांब्या पाठीमागं धरला. "पा-नी. म्हन, पा-नी." पोरीनं अंगठा दाखवला. परत दाखवला. आमाला कळंना झालंय असं वाटून मोटा करून दाखवला. मग मोरीत गेली आनी धुन्याच्या बादलीत तोंड घातलं.
मी उटून भाईर गेले. लाड नकोत ते बरोबर हाय, पन

१० डिसें.
"पा" आला. निर्मलानं गल्लीत साखर वाटली. पानी बी पा, पोळी बी पा, दिगू बी पा. पडली, गुडगा फुटला, तवा बी पा.

२६ जाने. ७५
मशीनच्या कानातल्या बोंडानं कान आतनं पिकलाय. पू उशीवर आला तवा कळलं. आदी कुटं मुंगी चावली तरी पदर ओढून दाखवायची. आता हात मांडीवर. शाळेत तसंच बसवत्यात.
मागच्या महिन्यात मांजर व्याली. तिनं पिल्लं बगितली की. कुनालाच काय सांगितलं न्हाय.

२२ फेब्रु.
शाळेत मीच गेले. बाईंना म्हनलं, "तोंडानं बोलायची येळ निघून चालली, असं डॉ. म्हनत्यात. मग हाताची बी जाऊस्तोवर थांबायचं का?"
बाई वाईट न्हाय. चष्मा पुसून म्हनली, "आत्या, मला असंच शिकवलंय. अजून एक वर्ष धीर धरा. आत्ता हात सुरू केले तर आलंय तेही जाईल."
दिगू घरी तापला. "तू मदी पडू नगो. तिला जगात राहायचंय, मागाच्या खोलीत न्हाय."
त्याचं बरोबर हाय. माजं बी चूक न्हाय.

९ मार्च
दिगू आनी निर्मला बाजारात गेलेली. परसात सुमी भिंतीकडं तोंड करून उभी. हात चाललेले. कायतरी लांबलचक, मदीच मान हलवून हसत. माजी सावली पडली तशी दचकली. हात फ्राकाखाली. चोरी धरल्यागत.
मी म्होरं जाऊन जमिनीवर बसले. कोन न्हवतं. हातानं विचारलं, काय सांगत व्हतीस?
हाताकडं बगितलंच न्हाय. माज्या तोंडाकडं बगत राहिली, शाळेत बगती तशी. परत विचारलं. तोंडाकडंच.
मग म्हनली, "पा."
तांब्या आनून दिला. तहान न्हवती तिला. तरी सगळं प्याली.