घड्याळजी गावी येतोय

परळ, मंगळवार

ती. आईंना वैशालीचा सविनय जयभीम.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. ह्यांना आता पेज पचते. काळजी करू नका. शेळी व्याली का?

करी रोडच्या माझ्या आत्याकडून व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक जाडजूड कादंबरी आणलीय, मराठीत केलेली. दुपारी हॉस्पिटलात ह्यांना वाचून दाखवते. काय लिहिलंय, आई! त्या लिहिणाऱ्या बाईला आपल्या घरातलं कसं कळलं? आजारी घड्याळजी बायकोची पाठ वळली की औषध कुंडीत ओततो, तिथे हे एवढे हसले की नर्स धावत आली. मी मात्र रडले.

मग मी पुढची पानं चाळली. घड्याळजी मरतो. म्हणून दोन दिवस मनानेच रचून वाचत होते. त्याला भूक लागली, तो दारापर्यंत चालला.

काल हे म्हणाले, "घड्याळजी गेला ना गं? पानं न उलटताच वाचतेस तू."

मी पुस्तक मिटलं.

"वाच, वाच. त्या बाईने झकास लिहिलंय, पण तुझं मला जास्त आवडतं. उद्या त्याला आपल्या गावी ने."

आज दुपारी नेते. आई, ओटीवर खाट टाकून ठेवा.

तुमची सून,
वैशाली