नेम चुकला म्हणे

४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती.
प्रसादाचा शिरा गॅसवर. खिडकीबाहेर एसीच्या डब्यावर होल्याची मादी अंड्यांवर बसलेली. तिला घातल्याशिवाय मी खात नाही, हा नेम इथे कतारमध्ये, मदिनत खलीफात राहायला आल्यापासूनचा. तांदूळ ठेवायला खिडकी उघडली आणि टाळी वाजावी तसा बारीक आवाज. मादी खाली बोळात पडली. मी धावत गेले तोवर संपलं होतं.
गच्चीवर वरच्या मजल्याचे सुधीरभावजी. हातात छर्‍याची बंदूक. "सॉरी हं वहिनी. बाटलीवर धरला होता. नेम चुकला." आणि हसले.
दत्ताच्या पाळण्याच्या दिवशी.
शिरा करपला. तसाच नैवेद्य दाखवला.

५ डिसेंबर
नर फिरून फिरून येतो. डब्यावर बसतो, अंड्यांकडे बघतो, उडतो. अंडी गार. तुळशीच्या कुंडीत पुरली.
ह्यांना म्हटलं, तक्रार करते. हे म्हणाले, "कुणाकडे? पोर्टावर मला त्याने चिकटवलं. तो माझा सीनिअर. बंदूक त्याच्या कतरी साहेबाची, वाळवंटात कॅम्प लागलेत ना, त्यासाठी आणलीय. खलास, विषय संपला." मुक्ता जेवता जेवता, "आई, इट्स जस्ट अ बर्ड." तेरा वर्षांची झालीय. माझं मराठी ऐकते, उत्तर इंग्रजीत.
जस्ट.
आजपासून या वहीत त्यांचं नाव नाही. वरचा, बस.

७ डिसेंबर
कपडे वाळत घालायला मुद्दाम गच्चीवर गेले. बाटली अजून तिथेच, पाण्याच्या टाकीवर, रस्त्याच्या बाजूला. माझी खिडकी मागच्या बाजूला. एसीचा डबा दिसायला मला कठड्यावरून अर्धं वाकावं लागलं. बाटली एकीकडे, होला दुसरीकडे, आणि ह्याचा नेम चुकला!
ह्यांना सांगितलं. "छर्रा आपटून कुठेही जातो. बंदुकीतलं तुला काय कळतं?"
बरं. कळून घेते.

७ डिसें., रात्री
देवापुढे बोलले. भात सोडला. "मी धरून मारलं" असं वरच्याच्या तोंडून येईपर्यंत भात नाही. आमच्या कराडकडच्या माणसाला भात सोडणं म्हणजे काय ते देवाला ठाऊक. घरात दोघांपुरताच शिजवणार, तेवढीच बचत.

१२ डिसेंबर, शुक्रवार
इथल्या मराठी मंडळाच्या बायकांची शूटिंग रेंजवर सहल. एरवी मी डबे सांभाळते. आज म्हटलं, मीपण येते. सगळ्या बघतच राहिल्या. वरच्याची बायको नीलिमा: "अगं तू? तुझे नेम उपासाचे!" खो खो हसल्या. हसा.
शिकवणारी बाई ट्युनिशियाची. नाव सल्मा. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणून छान जमलं. टेबलावर दोन तर्‍हेच्या बंदुका. एकीला हवेचं नळकांडं, ते भरून ठेवावं लागतं, पण बार उडताना ती हलत नाही. दुसरी साधी. नळी मोडायची, छर्रा घालायचा, मिटायची. आत स्प्रिंग. सगळ्या पहिलीवर तुटून पडल्या. मी विचारलं, वाळवंटात शिकारीला नेतात ती कुठली? तिने स्प्रिंगवाली दाखवली. वरच्याकडे तीच आहे, फक्त वर दुर्बीण लावलेली.
म्हटलं, मला हीच. नळकांड्याची कटकट नाही, आणि.
एकही छर्रा कागदाला लागला नाही. खांदा दुखतोय.

१८ डिसेंबर, गुरुवार
नॅशनल डेची सुट्टी. रस्त्यावर झेंडे लावलेल्या गाड्या, हॉर्न. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, उद्यापन. सवाष्णींना बोलावलं, नीलिमालाही बोलवावं लागलं. तिचीही ओटी भरली. ती बिचारी चांगली आहे. म्हणाली, "अजून मनात धरून बसलीस? अगं, पारवाच तो."
होला.
जप करताना डोळे मिटले की वरच्याचं कपाळ येतं. त्यावर गोल काढलेले, कागदावर असतात तसे. क्षमा कर म्हणावं तर मनापासून म्हणवत नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार
सल्माने आज वेगळं सांगितलं. ही बंदूक घट्ट धरली की चुकते. स्प्रिंग सुटताना ती आतून आधी मागे, मग पुढे उसळते, तिला उसळू द्यायचं. डाव्या तळव्यावर नुसती टेकवायची. "शुवे शुवे," म्हणते, हळू हळू. "तू हिला मारायला निघालीयेस. हात मऊ ठेव."
मी दात आवळून धरत होते. मऊ हाताने राग कसा धरायचा ते मला कुणी शिकवलेलं नाही. मग दत्ताचं नाव घेतलं, श्वास सोडला, आणि पुढचा श्वास घ्यायच्या आधी चाप ओढला. काळ्या गोलात! सल्मा "यल्ला!" म्हणून ओरडली.
निघताना विचारलं, छर्रा बाटलीवर आपटून कोपरा वळेल का, आणि वळून खाली जाईल का? तिने चपटा झालेला एक छर्रा माझ्या तळहातावर ठेवला. शिसं मऊ. आपटलं की असं होतं. थोडंफार उडेल, पण घराला वळसा घालून पाखरू शोधत नाही जाणार.
छर्रा पदराच्या टोकाला बांधून आणला. देवघरात ठेवलाय. हे विचारतात काय आहे. म्हटलं, आहे माझं.

२ जानेवारी
दर शुक्रवारी जाते. ह्यांना आवडत नाही, पण नीलिमाच्याच गाडीतून जाते म्हटल्यावर काय बोलणार! नीलिमाचे छर्रे छताला. माझे पाचातले तीन-चार काळ्यात. काल पोळी लाटताना लक्षात आलं, हात आपोआप मऊ पडतो. राग मात्र तसाच आहे. घोटीव झालाय, इतकंच.

६ जाने. अंगारकी.
मंडळाची स्पर्धा जाहीर. बायका-पुरुष एकत्र. वरचा जिन्यात भेटला. "वहिनी, तुम्हीपण? जरा जपून. माझा नेम कधी चुकत नाही."
स्वतःच्या तोंडाने म्हणाला! मी म्हटलं, "दत्तजयंतीला चुकला होता ना, भावजी?"
हसू थिजलं. "ते... हो, ते एकदाच."
चंद्रोदयापर्यंत हसत होते मनात. गणपती बाप्पा, आता सापडला. चांगला नेमबाज ठरला तर मारेकरी. मारेकरी नाही म्हणाला तर भिकार नेमबाज. एक काहीतरी सोडावं लागेल.

१४ जानेवारी. संक्रांत.
तीळ सूक वाकिफच्या बाजारातून. लाडू जरा कडक झाले, बरं झालं. वरच्या घरी देणं भाग. तो दारात उभा. मी हातावर ठेवला. "तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि खरं बोला."
"खरं म्हणजे?"
"खाऊन बघा, आठवेल."
खाली येऊन ह्यांना सांगितलं. हे चिडले, "सणाच्या दिवशीही?" सणाच्या दिवशीच मारलं होतं त्याने.

२३ जानेवारी, शुक्रवार
सगळं नीट लिहून ठेवते.
दहा मीटर, पाच-पाच छर्रे. वरचा गॉगल लावून, नळकांड्याची बंदूक घेऊन उभा. मी माझी स्प्रिंगवाली उचलली तर म्हणाला, "वहिनी, ती खटारा?" मी म्हटलं, "शिकारीची हीच असते ना? त्या दिवशी तुमच्या हातात होती ती." लोक बघत होते. मग गप्प कसा बसणार! "वहिनी खटारा घेतात तर मीही." नळकांड्याची ठेवून दिली. रेंजवरच्या ह्या बंदुकीला दुर्बीण नसते, नेम धरायला नळीच्या टोकावर नुसती माशी. हे त्याला माहीत नव्हतं. मला होतं.
माझे चार काळ्यात, एक कडेला. टाळ्या. मुक्ता खुर्चीवर उभी राहिली होती.
तो आवळून धरत होता, मनगटाच्या शिरा दिसत होत्या. पहिला कागदाबाहेर. दुसरा बाहेर. कुणीतरी मागून, "सुधीरराव, उंट मारायचाय का? तो बाहेर उभा आहे!" हशा. तिसरा कोपर्‍यात. चौथा, पाचवा भिंतीला. नीलिमासुद्धा हसली.
मी हळूच म्हटलं, "असू दे, भावजी. चुकतो नेम. तेव्हाही चुकलाच होता."
तांबडालाल. "काय चुकला? दुर्बीण नाही हिला! दुर्बीण असली की मी चुकत नाही. तुमच्या त्या पारव्याला कठड्यावरून वाकून पाडला होता. धरून. एका छर्‍यात!"

मुक्ता म्हणाली, "अंकल, यू सेड यू मिस्ड."
ह्यांनी माझा दंड धरला. आधी वाटलं चिडले. पण ते त्याच्याकडे बघत होते.

२३ जाने., रात्री
तांदूळ धुवायला घेतले. मुक्ता ओट्याशी येऊन, मराठीत, "आई, आता भात खाशील ना?"
आईला कराडला फोन केला. ती म्हणाली, "तोंडानं म्हणाला न्हवं? मग फिटला नेम. जेव बाई."
म्हटलं तर फिटला. पण तो छाती काढून म्हणाला. मान खाली घालून नाही. देवापुढे मी हे नीट बोलले नव्हते, चूक माझी. पानात वाढून घेतला. वरण घातलं. घास कालवला.
मुक्ताच्या पानात सरकवला.

२५ जानेवारी. रथसप्तमी.
नर परत आला. बरोबर नवी मादी. त्याच डब्यावर काड्या. सकाळी वरून नळी मोडल्याचा 'कटक' आवाज आला, मी खिडकीतून डोकं बाहेर काढून वर बघत राहिले. कठड्यावर कुणी आलं नाही. आवाज मात्र थांबला.
हे आता कामावर त्याच्या गाडीतून जात नाहीत. बसने जातात. मी काही म्हटलं नव्हतं.

२९ जानेवारी, गुरुवार
वरचा दारात. चपला बाहेर काढून आत आला, असं कधी करत नाही. "वहिनी, झालं गेलं. उद्या साहेबांचा कॅम्प आहे, सीलाइनकडे वाळवंटात. तुम्ही तिघं या. साहेबांना तुमच्याबद्दल सांगितलंय, त्यांना तुमचा नेम बघायचाय. माझीच बंदूक देतो, दुर्बिणीसकट."
मी विचारलं, "शिकार?"
"छे छे, नुसत्या बाटल्या." मग हसला. "मी स्वतः मांडतो ना, पुढे जाऊन. तुम्ही फक्त उडवा."
हे माझ्याकडे बघत होते. मुक्ताही.
माफी मागायला आला होता का? चपला काढल्या होत्या खर्‍या. पण तोंडाने काही म्हणाला नाही. मान खाली होती, ती टेबलावरच्या लाडवाच्या ताटलीकडे.
म्हटलं, "येते, इन्शाल्ला."
पाखरांना दाणे घातले. देवघरातला तो चपटा छर्रा पदराला बांधलाय. भाताचं पातेलं घासून पालथं ठेवलंय, उद्या परत आल्यावर बघू. मघापासून उजवा हात उघडमीट करून बघतेय.
मऊ आहे.