सलग रेघ

३ फेब्रुवारी

गिरमिट दोन मीटर खाली गेलं आणि वर आला तो काळा चिखल! वाळू यायला हवी होती. जुनी, घट्ट, पिवळी वाळू. सहा वर्षांपूर्वीच्या माझ्याच नकाशावर इथे तीच दाखवलीय. गिरमिट फिरवणारे काका म्हणाले, "मॅडम, जागा चुकली असेल." जागा चुकलेली नाही. इथून चार घरं पुढे माझ्या धाकट्या बहिणीचं घर आहे.

४ फेब्रुवारी

आणखी दोन भोकं. दोन्हीत चिखल. एक भोक तर धाकटीच्या कुंपणाला लागूनच — ती घरी नव्हती, बरं झालं. ही वाळूच्या जुन्या टेकाडाची जमीन नाहीच. जुनी खाडी बुजलीय आणि वर पुरुषभर वाळूचं पांघरूण.

५ फेब्रुवारी

जुनी वही काढली. आम्हा नकाशावाल्यांचा नियम साधा — वाळू कुठे संपते ते खणून पाहिलं तर हद्दीची सलग रेघ, नुसता अंदाज असेल तर तुटक. या गल्लीत मी खणलंच नव्हतं! टेकाडाच्या दोन टोकांना भोकं पाडली, मधला भाग विमानातून काढलेल्या फोटोवरून जोडला. आणि रेघ सलग ओढली. का? नकाशा देखणा दिसत होता म्हणून. मोठी शहाणी! वर धाकटीला सांगितलं, "डोळे झाकून घे घर, खाली दगडासारखी वाळू आहे."

७ फेब्रुवारी

धाकटीचा फोन आला. उचलला नाही. लाज वाटते.

९ फेब्रुवारी

साहेब घाईत. "सुधारित नकाशा शुक्रवारपर्यंत हवा. शाळेची नवी इमारत त्याच पट्ट्यात बांधतायत." म्हटलं, साहेब, ती एक रेघ... पुढे जीभच रेटेना. "काय रेघ?" "काही नाही," मी म्हणाले. पळपुटी!

१० फेब्रुवारी

दिवसभर ओढते, खोडते. तीन भोकांनंतरही रेघ नुसती तुटक केली तर कुणी बोट दाखवणार नाही. धाकटीचं घर 'कदाचित'मध्ये राहील, विकताही येईल. पण मग शाळाही 'कदाचित'मध्येच! पोरं बसणार तिथे. खुर्चीवर टेकवत नाही. चार वेळा चहा, चारही वेळा गार.

१२ फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं. एका दमात, उभ्या उभ्या. ते म्हणाले, "सहा वर्षं उशीर झाला. पण भिंती चढायच्या आत बोललीस. लेखी दे." दिलं. नवी सलग रेघ धाकटीच्या घराच्या पलीकडून गेली. घर चिखलात.

तिला हे छापील कागदावरून कळता कामा नये. उद्याच जाते.

१३ फेब्रुवारी

दारातच सांगून टाकलं — घराखाली चिखल आहे, चूक माझी. वाटलं, आता रडेल, वाट्टेल ते बोलेल. तिने माझा हात धरून आतल्या खोलीत नेलं आणि कपाट सरकवलं. मागे भिंतीत बोट जाईल एवढी भेग, छतापासून जमिनीपर्यंत.

"दोन वर्षं झाली, ताई. तुझ्या जिवाला लागेल म्हणून झाकून ठेवली होती."