गीतामावशीची लिंबोणी आणि माझी खाडी

५ जानेवारी
डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलंय. मीठ बंद, टेन्शन बंद. मासे बघत बसलं की बीपी उतरतं, असं मोबाईलवर वाचलं. निर्णय पक्का. घरात टाकी. पण गोल्डफिश अख्ख्या माजलगावात आहेत. आपण खाडीची टाकी करायची. नदी समुद्राला मिळते तिथलं मचूळ पाणी, तिथलेच मासे. बीड जिल्ह्यात पहिली असणार. समुद्र इथून किती लांब हाय, असं कमरजहाँने विचारलं. बायकोला व्हिजन नाही.

९ जानेवारी
कमरजहाँ म्हणते, बोअरचं पाणी मचूळच हाय की, वेगळं मीठ कावून आणता? बोअरचा खारेपणा वेगळा आणि समुद्राचा वेगळा, हे तिला अर्धा तास समजावलं. मग बोअरचंच पाणी भरलं (धरण उशाला, नळ आठवड्याला) आणि त्यात समुद्री मीठ टाकलं. खारेपणा मोजायचं काचेचं यंत्र पार्सलमध्येच फुटून आलं. हरकत नाही, जीभ आहे. डॉक्टरांनी मीठ खायचं बंद केलंय, चाखायचं नाही.

१९ जानेवारी
संभाजीनगरहून मासे आणले, एसटीत मांडीवर. चार मोली, एक पफर. पफर रागावला की फुगतो. नाव नवाब. त्याच्यासाठी कालव्यातून गोगलगायी वेचून आणल्या. त्याने त्या सोडून मोलीची शेपटी खाल्ली. जुळवून घेतील.

२६ जानेवारी
दर आठवड्याला दोन बादल्या पाणी बदलायचं. मोरीत ओतणार तेवढ्यात कमरजहाँ ओरडली, पाणी कुणी सोडून देतं का? खरं आहे. आपल्याकडे भाजी धुतलेलं पाणीसुद्धा झाडाला जातं. आणि माशाचं पाणी म्हणजे खतच, व्हिडिओत सांगितलं होतं. आमच्या दारात झाड नाही. शेजारी गीतामावशीच्या दारात लिंबोणी आहे, त्यांच्या मालकांनी, बद्रीनाथ मास्तरांनी लावलेली. मास्तर गेले, मावशीचे गुडघेही गेले. बादल्या मीच नेल्या. मावशी म्हणाल्या, सत्तारभाऊ, लई पुण्य लागंल तुमाला. वर ओंजळभर लिंबं दिली.
आज फार बरं वाटलं. बीपी नक्की उतरलं असणार.

१२ फेब्रुवारी
लिंबोणीची पानं कडेने करपलीत. थंडीने असेल. डोस वाढवला, आता आठवड्यातून दोनदा.

२४ फेब्रुवारी
पानगळ सुरू. बुंध्याशी पांढरं काहीतरी साचलंय. मावशींनी मुंग्यांसाठी चुना टाकला असेल. विचारलं नाही. मोठ्या माणसांना उलटतपासणी आवडत नाही.

२ मार्च
पहिला रोजा. दिवसा चाखता येत नाही, म्हणून मीठ अंदाजाने. जरा सढळ हाताने पडलं.

९ मार्च, इफ्तारनंतर
बादल्या घेऊन गेलो. ते पांढरं बोटाला लागलं. बोट सवयीने जिभेवर गेलं.
जीभ म्हणाली, टाकी.
चुना नव्हता तो. मीठ होतं. माझंच. बादल्या तशाच परत आणल्या. जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही. नवाब काचेला तोंड लावून माझ्याकडेच बघत होता. उद्या मावशींना सगळं सांगणार.

१० मार्च
सांगायला गेलो. मावशींनी रोजा सोडायला म्हणून खजुराची पुडी हातात ठेवली. हातात खजूर घेऊन असलं कसं बोलणार? उद्या.

१३ मार्च
होळी. सणाच्या दिवशी नको.

१६ मार्च
सहेरी झाली की पिण्याच्या पाण्याची बादली गुपचूप लिंबोणीला घालतो. मीठ धुऊन निघेल. रांजण एवढ्यात कसा उतरतो, असं कमरजहाँने विचारलं. माशांना लागतं म्हणालो. रोज्यात खोटं बोललो. खरं तर तेव्हा रोजा नीट सुरूही झाला नव्हता. (झाला होता.)

१९ मार्च
लिंबोणीच्या काड्या झाल्या. मावशींचा संशय पलीकडच्या बंकटवर. त्याचं बॅटरीचं दुकान, भिंतीलगत बॅटऱ्या धुतो. मावशी गल्लीत उभं राहून म्हणाल्या, मास्तरांची येवढी एकच खूण राहिली होती, ती बी ह्यानं जाळली. बंकट आईची शपथ घेत होता. मी माझ्या दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.

२२ मार्च
मावशींच्या ओट्यावर बैठक. गल्लीतले वडीलधारे आप्पा आले. मावशी म्हणाल्या, सत्तारभाऊंना इचारा, रोजा हाय त्यांचा, ते खोटं बोलायचे न्हाईत.
मग सांगूनच टाकलं. बंकटने नाही, मी मारली तुमची लिंबोणी. माझ्या माशांच्या पाण्यात मीठ असतं.
मावशींनीच विचारलं, माशाच्या पाण्यात मीठ कुठून यील? धरणात मासं हायेत, मग धरण खारं हाय का? आप्पांनी मान डोलावली. मी म्हणालो, चाखून बघा. मावशी-आप्पा दोघांच्या गळ्यात माळ, ते माशाचं पाणी तोंडाला लावणार नाहीत. मीच चाखून दाखवलं असतं, पण रोजा. मावशींचे डोळे भरून आले. म्हणाल्या, बघ रं बंकट, तुला वाचवायला ह्या माणसानं रोज्यात खोटं अंगावर घेतलं. जा, सोडलं तुला.
त्यावर बंकटने माझे हात धरले. हळूच म्हणाला, एकदा-दोनदा पडलं असंल आमच्याकून ऍसिडचं पाणी.
आयुष्यात इतकं खरं बोललो नव्हतो. आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

३१ मार्च
ईद. मावशी शीरखुर्म्याला आल्या, लिंबोणीचं नवं रोप घेऊन. तुमच्या हाताला गुण हाय, तुमीच लावा म्हणाल्या. आणि पाणी माशाचंच. लावलं. रोज रांजणातलं गोडं पाणी घालतो आणि माशाचं म्हणून सांगतो. माशाचं मोरीत ओततो. रमजान संपला, खोटं चालूच.

२० एप्रिल
रोपाला पालवी फुटली. मावशींनी साऱ्या गल्लीला नेऊन दाखवली. माशाच्या पाण्याचा गुण.
सकाळी दार उघडलं तर बादल्यांची रांग. आप्पा तुळशीसाठी, साखराबाई मोगऱ्यासाठी. बंकटने तर मावशींची माफी म्हणून दोन पेरूची रोपं आणलीत. मी उंबऱ्यात उभा राहून पुन्हा सगळं खरं सांगितलं. माशाचं पाणी खारट आहे, पहिली लिंबोणी त्यानेच मेली, नवीला घालतोय ते आमचं पिण्याचं पाणी आहे. सगळे पोट धरून हसले. बादली कोणीच मागे घेतली नाही.
कमरजहाँ हसली नाही. ती आत गेली आणि रांजणावर झाकण ठेवून त्यावर पाटा ठेवला.