फाइलीवर वजन ठेवण्याच्या वाक्याबाबत

प्रति,
मा. दक्षता अधिकारी,
आंतरराष्ट्रीय खरेदी विभाग.

विषय : दुभाष्यांच्या यादीतून वगळलेले माझे नाव पुन्हा घेण्याबाबत.
संदर्भ : 'वाक्प्रचाराचे अज्ञान' या शेऱ्यासह आलेले आपले पत्र.

महोदय,

"ऐकलंस तेवढंच सांग गं. पदरचं मीठ घालू नकोस." असे माझी आत्या मला लहानपणी बजावत असे. आत्या आणि आई यांचे आपसांत बोलणे नव्हते. एक पुढच्या खोलीत, एक मागच्या खोलीत, आणि मधल्या दारातून निरोप नेणारी मी. "तुझ्या आईला म्हणावं, दिवा मालव." "तुझ्या आत्याला म्हणावं, डोळे मिट." दुभाष्याचे काम मी तिथे शिकले. पात्रतेच्या रकान्यात हे लिहिता येत नाही, म्हणून येथे नमूद करते.

१. गेल्या वर्षी पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या खरेदीची बैठक आपल्या विभागात झाली. टेबलाच्या एका बाजूला खरेदी अधिकारी, दुसऱ्या बाजूला परदेशी कंपनीचे प्रतिनिधी (कार्यालयात सगळे त्यांना उंच साहेब म्हणत), आणि टोकाला, पाण्याच्या ग्लासापाशी, मी. बोलणी संपत आल्यावर खरेदी अधिकारी पंख्याकडे पाहत म्हणाले, "वारा फार आहे हो. फाइल उडते. त्यांना म्हणावं, जरा वजन ठेवा." मी शब्दाला शब्द ठेवून सांगितले. उंच साहेब लगेच उठले आणि खिडकीतला काचेचा पेपरवेट आणून त्यांनी फाइलीवर ठेवला. बैठकीची नोंद घेणाऱ्या लघुलेखकांना खोकला आला. खरेदी अधिकारी मला म्हणाले, "बाई, नीट सांगा." मी 'नीट' असे सांगितले. उंच साहेबांनी पेपरवेट सरकवून बरोबर मध्यावर आणला. तेव्हा खरेदी अधिकाऱ्यांनी दोन बोटे वर केली. त्याला भाषांतर लागले नाही. उंच साहेब दुसरा पेपरवेट शोधू लागले.

२. उंच साहेबांनी मायदेशी अहवाल पाठवला की, येथे वाऱ्यामुळे फाइली उडतात व अधिकारी त्या चिंतेत असतात. कंपनीला वाईट वाटले. तिने आपले नाव कोरलेल्या पेपरवेटांचे एक खोके सदिच्छा भेट म्हणून रीतसर पाठवले. परदेशी कंपनीकडून भेट आली म्हणून चौकशी बसली, कंपनीची निविदा बाद झाली, आणि खोके अद्याप जप्त आहे.

३. चौकशीत खरेदी अधिकाऱ्यांनी लेखी दिले की, वजन म्हणजे त्यांना वजनच अभिप्रेत होते. ते आपण ग्राह्य धरलेत. त्याच निकालात माझे भाषांतर चुकीचे ठरवलेत. महोदय, वजन म्हणजे वजनच असेल, तर माझे भाषांतर बरोबर होते. भाषांतर चुकले असेल, तर वजन म्हणजे आणखी काही होते. या दोन्हींखाली एकच सही कशी झाली, एवढेच नम्रपणे विचारते.

४. नाव वगळल्यापासून मला कोणी बोलावत नाही. दुभाष्याला स्वतःचे बोलणे नसते. समोरासमोर दोघे बसले, की मग त्याला कंठ फुटतो. आई गेली, आत्याही गेली. पुढची खोली माझी, मागचीही माझीच, आणि मधल्या दारातून न्यायला निरोप नाही. कधी भांडी घासता घासता मी एका भाषेत विचारते आणि दुसरीत उत्तर देते. परवा शेजारच्या वहिनींनी भिंतीपलीकडून विचारले, "पाहुणे आलेत का हो?" मी हो म्हटले. मग त्यांना दोन माणसांचा आवाज यावा म्हणून बराच वेळ बोलत राहिले. पाहुण्यांना पाणीही विचारले. लघुलेखक रस्त्यात भेटतात, पण स्वतःच्या चपलांकडे पाहत पुढे जातात.

५. आपण कृपापूर्वक कळवले आहे की, 'सदर वाक्प्रचार मला ठाऊक नव्हता' असे लिहून दिल्यास आणि भाषेच्या उजळणी वर्गाला बसल्यास माझे नाव यादीत पुन्हा घेतले जाईल. ते वाक्य लिहायलाच मी आज बसले होते. वरचा विषयही त्यासाठीच लिहिला. आता खोडत नाही. पुन्हा दोन माणसांच्या मधोमध बसायला मिळावे, याहून माझी दुसरी इच्छा नाही, हे आपणही जाणता. म्हणूनच ते वाक्य आपण मला सुचवलेत.

चौकशीत मला विचारले होते, "तुम्ही काय सांगितलंत?" तुम्हाला काय कळलं, असे कोणी विचारले नाही. न विचारलेले सांगायचे नाही, या आत्याच्या शिकवणीआड मी आजवर बसून राहिले. पुन्हा बोलावणे येईल, ही आशाही होतीच.

तरी आज पदरचे सांगते. तो वाक्प्रचार मला ठाऊक होता. बोलायला लागले तेव्हापासून कानावर आहे. ते मागणे माझ्या तोंडून पलीकडे जाऊ नये, म्हणून मी मुद्दाम शब्दाला शब्द ठेवला. खरेदी अधिकाऱ्यांनी त्या दिवशी लाच मागितली. हे वाक्य कोणाच्याही बोलण्याचे भाषांतर नाही. माझे आहे.

आपल्या यादीत नसलेली,
(सही)
दुभाषी
दिनांक : ९ जुलै

सोबत : काही नाही. अर्ज उडाला तर उडू द्यावा. वजन ठेवू नये.