जुळ्यांच्या बापाचं बारसं

मंगळवार, ६ ऑगस्ट
लिहायला बसण्याचं कारण एकच. शुक्रवारी मॅनेजर मलामा सगळ्यांदेखत म्हणाले, "मिसेस काबासो, तुमच्याकडे लेखी कधीच काही कसं नसतं?" आता असेल. किट्वेच्या बाजारातून शंभर पानी वही आणली. उजव्या पानावर रोजनिशी, डाव्या पानावर कामाच्या नोंदी. कागद वाया घालवणं मला जमत नाही. वही पर्समध्येच राहील.

ड्रॉइंग ऑफिसची मी सध्या 'तात्पुरती' प्रमुख. ३० तारखेला खाणीचे सहा पंप रवाना झाले की मलामा कायमचं नाव ठरवणार. मी, नाहीतर माझ्या हाताखालचा सम्पा. म्हणजे मी.

बुधवार, ७ ऑगस्ट
कॉम्प्युटरवर पंपाच्या ड्रॉइंगच्या फायली उघडल्या. शरम वाटली. पंपाला दोन पंखे, म्हणून सम्पानं मुख्य फाइलीचं नाव ठेवलंय 'शिम्पुंडू'. जुळ्यांचा बाप! पंखे म्हणजे 'म्पुंडू' आणि 'न्गांडू', आपल्याकडे सगळ्याच जुळ्यांची असतात तीच नावं. सम्पाला स्वतःला जुळी आहेत, वर्कशॉप त्यालाही शिम्पुंडूच म्हणतं. खाणीचे इंजिनिअर हे वाचणार?

सगळ्या २१४ फायलींना क्रमांक देणार. जुनं नाव, नवा क्रमांक, अशी यादी डाव्या पानांवर, शाईनं.

सम्पा म्हणाला, "मॅडम, फोल्डरमधून नावं बदलू नका. बापाच्या फाइलीत पोरं, म्हणजे सुटे भाग, नसतात, पोरांची नावं नि पत्ते असतात फक्त. प्रोग्रामच्या आतून बदला, म्हणजे तो बापालाही कळवतो."

मला शिकवतो! चौऱ्याऐंशी साली कॉलेजात आम्ही ट्रेसिंग पेपरवरची चुकलेली रेघ ब्लेडनं अशी खरवडायचो की मागमूस राहायचा नाही.

शुक्रवार, ९ ऑगस्ट
दुसऱ्या खाणीला हाच पंप हवा, बारीक शाफ्टचा. मुख्य फाइलीची कॉपी केली. एक मिनिट लागलं. कॉपी उघडून शाफ्ट ९५ चा ८० मिलिमीटर केला. सम्पानं अर्धा दिवस घालवला असता.

त्यानं विचारलं, "पोरांच्या कॉप्या केल्यात ना? नाहीतर तुमचा नवा बाप जुन्याच पोरांचे कान उपटेल."
पहिला मेमो दिला.

जुनी बॅकअपही पुसली. एका गोष्टीच्या दोन प्रती म्हणजे गोंधळ.

सोमवार, १२ ऑगस्ट
पहिल्या ऑर्डरच्या शाफ्टची प्रिंट वर्कशॉपला दिली. वेळेआधी. मलामांना कळवलं.

मंगळवार, १३ ऑगस्ट
दहाला लोडशेडिंग. त्याआधी साठ फायलींची नावं बदलली.

जेवणाच्या वेळी सम्पा मक्याच्या न्शिमाचा गोळा वळत सगळ्यांसमोर म्हणाला, "बाना-चिलेशे, तुमची लेक चिलेशे उद्या दुसरं नाव घेऊन घरी आली, तर चिलेशेची आई म्हणून हाक मारणाऱ्यांनी कुणाला शोधायचं?" सगळे हसले. मला मिसेस काबासो म्हणायचं, हे मी तीनदा सांगितलंय.

दुसरा मेमो. त्याला स्टोअरमध्ये नट मोजायला पाठवलं, ॲप्रन घालून. त्याला शिम्पुंडू म्हणायलाही वर्कशॉपमध्ये बंदी घातली. निघताना म्हटलं, "नटांनाही नावं ठेवा हं." कुणी हसलं नाही. हसू दाबत असणार.

सोमवार, १९ ऑगस्ट
२१४ झाल्या. यादी नऊ पानं, एकही खाडाखोड नाही.

मुख्य फाइल उघडली. पडद्यावर फक्त बोल्ट. बोल्टांचं फोल्डर वेगळं, त्यांना मी हात लावला नव्हता. अडतीस बोल्ट पंपाच्या आकारात हवेत लटकलेले, मधे पंप नाही. लोडशेडिंगमुळे कॉम्प्युटर मंदावलाय.

मंगळवार, २० ऑगस्ट
कॉम्प्युटर बंद करून चालू केला. बोल्ट लवकर आले.

गुरुवार, २२ ऑगस्ट
फोरमन न्सोफ्वा शाफ्ट खांद्यावर टाकून आला. शाफ्ट बेअरिंगमध्ये खुळखुळतो. सहाच्या सहा ८० चे कापलेत. म्हणाला, "तुमच्या प्रिंटवर ऐंशीच आहे. जाड असता तर खरवडला असता. बारीक झालेला जाड कसा करू, न्शिमा चारू त्याला?"

जुन्या ऑर्डरमध्ये ८० आला कुठून? सम्पानं सूड उगवला, दुसरं काय. प्रिंट मीच काढून दिली होती ही अडचण आहे, पण चौकशीत निघेल.

मंगळवार, २७ ऑगस्ट
मीटिंग. नव्या शाफ्टसाठी मुख्य फाइल उघडली, तर सगळ्यांदेखत पुन्हा फक्त बोल्ट. सम्पाला स्टोअरमधून बोलावलं होतं. तो म्हणाला, "जुनं नाव कुठलं नि नवं कुठलं एवढं कळलं, तर बापाला एकेक पोर पुन्हा दाखवता येईल. यादी आहे का कुणाकडे?"

मी पर्समधून वही काढून उंच धरली. अख्ख्या कंपनीत लेखी नोंद फक्त माझ्याकडे! मलामांनी हात पुढे केला.

तेव्हा आठवलं, यादीच्या प्रत्येक पानाच्या पाठीवर काय आहे ते.

म्हटलं, रात्रीत सुवाच्य कॉपी करून देते.
मलामा म्हणाले, "कॉपीचं नाव तुम्ही काढू नका, मिसेस काबासो."
म्हटलं, मग पानं फाडून देते.
सम्पा शांतपणे म्हणाला, "फाडू नका, मॅडम. क्रम जाईल."

शुक्रवार, ३० ऑगस्ट
पंप गेले नाहीत. नाव ठरलं. माझी बदली स्टोअरमध्ये, अर्थात तात्पुरती. तिथल्या नोंदींना शिस्तीची गरज आहेच.

सम्पा टेबलापाशी उभा आहे. ॲप्रन काढून घडी घालून माझ्यासाठी आणलाय. म्हणतोय, "सावकाश लिहा, बाना-चिलेशे. मला सगळंच वाचायचंय."

सुपूर्द केलं: ड्रॉइंग ऑफिसच्या किल्ल्या, दोन. पासवर्ड, एक. स्टीलची पट्टी, एक. वही, एक, डावी पानं यादी, उजवी पानं खासगी.

'खासगी' हा शब्द मलामांनी काढायला लावला. ब्लेडनं खरवडला. भोक पडलं.

पोचलं. — शिम्पुंडू