तरवडीचा मुलूख

माघ शुद्ध ८, फसली १३५२

आज थाप मारली. लई मोठी! लिवून ठिवते, न्हाईतर उद्या माझी मलाच आठवायची न्हाय.

आत्याबाईंनी, म्हंजी माझ्या सासूबाईंनी, भाकरीला हात लावायच्या आधी इचारलं — "उत्तरेश्वर कुठं गेला गं?" रोज इचारतात. दोन सालापासनं डोळं गेलं, आनि ह्या सुगीपासनं ध्यानबी जायला लागलं. ल्योक, म्हंजी माझा नवरा, गेल्या चैतात तापानं गेला, ह्ये डोक्यात ऱ्हातच न्हाय. म्या खरं सांगते. मग त्या रडतात. पयल्यांदाच कळल्यावानी! मागच्या बारीला तीन दिस पान्याबिगर काय घेतलं न्हाय. वैद म्हनला, आनिक एकदा असं झालं तर म्हातारी ऱ्हात न्हाय.

म्हनून आज तोंडातनं निघालं, "तरवडीला गेलेत." दारासमोर तरवडाचं झुडूप हाय, नजर तिथं हुती. दुसरं काय सुचलंच न्हाय.

"तरवडी? कुनीकडं आली ती?"

"सोनारीच्या फुडं सीना वलांडायची. मग इंग्रजी हद्द. ती सरली की तरवडी. ना निजामाची, ना इंग्रजाची."

"मंग कुनाची?"

"झुडपांची."

आत्याबाईंनी ताट वढलं. मग आक्खी भाकर खाल्ली. कोरड्यासात चुरून!

माघ शुद्ध ९

सकाळी उठल्या-उठल्या — "तरवडीत झाडं कसली गं?"

ल्योक मेलेला ध्यानात ऱ्हात न्हाय, आनि माझी थाप ऱ्हायली!

म्हनलं, झाडच न्हाय. मानसाच्या कमरंच्या वर काय उगवतच न्हाय. सगळी झुडपं. तरवड, निरगुडी, बोराटी, रुई. तिथं आभाळ कमरंपासनं सुरू व्हतं. मानूस चालला की वरचा अर्धा आभाळात, खालचा अर्धा झुडपात.

"मंग सावली?"

"एकमेकांच्या सावलीत चालत्यात. म्हनून तिथं एकटं कुनी फिरत न्हाय."

आत्याबाई म्हनल्या, "बरंय बाई. उत्तरेश्वरला एकट्याला कधी करमलं न्हाय."

म्या चूल फुंकत बसले. चूल पेटलेली हुती.

माघ वद्य १

पकडली मला! परवा म्हनले हुते निरगुडीवालं उगवतीला. आज मावळतीला म्हनले. आत्याबाईंनी लगीच — "काय गं, मुलूख फिरला का तुझी जीभ?"

आता नीट लिवूनच ठिवते. पंतोजीनं चौथीपर्यंत शिकवलं त्ये ह्याच्यासाठीच आसंल.

उगवतीला निरगुडी. तिथली मानसं कमी बोलतात. कुनाचं काय दुखलं की नुसती शेजारी येऊन बसतात, आनि दुखायचं थांबतं. मावळतीला बोराटी. तिथलं काटेकर. केस काट्यानं इंचरतात. तोंडानं लई टोचून बोलतात, पन पोटात गर. (ह्ये सांगताना आत्याबाई म्हनल्या, "तुझं म्हायार तिथलंच दिसतंय." आसं टोमनं मारतात, आनि म्हनं ध्यान गेलंय!)

दक्षिनंला रुई. तिथलं लोक हलकं. चैतात वारं सुटलं की रुईच्या म्हातारीवानी उडतात आनि जिथं पडतील तिथं त्यांचं घर. त्यामुळं तिथं सासर न्हाय, म्हायार न्हाय, आनि कुठलीच पोर पाठवनीला रडत न्हाय.

उत्तरंला काय हाय त्ये ठरवलं न्हाय. इचारलं तर म्हनायचं, धुकं हाय.

नदी हाय पन दिसत न्हाय. झुडपाखालनं जाती. कान लावून पानी हुडकायचं. ह्ये मला रातच्याला पडल्या-पडल्या सुचलं. लई आवडलं.

माघ वद्य ५

शरिफाबी आली. परांड्याची मनेरीन. पाटीत बांगड्या घिऊन गावोगाव फिरती. माझी लगनाची बांगडी तिच्याच सासूनं भरली हुती. आता माझ्याकडं इकायला काय न्हाय, तरी येती. पानी पिती, चहाडी करती.

आत्याबाईंनी तिला इचारलं, "शरिफा, तू तर लई फिरती. तरवडी बघितलीस का?"

शरिफाबीनं माझ्याकडं बघितलं. म्या डोळं मिचकावलं.

"देखी ना, बडीअम्मा! क्यों नई देखी?" म्हनली. "वां हमारे लोकां भी हैं. वां नमाज की बांग तित्तरां देते."

आत्याबाईंनी लगीच, "उत्तरेश्वर भेटला का?"

"मिले ना. मोटे हो गये!"

म्हातारी आशी हासली! दात न्हाईत, तरी सगळं तोंड भरून.

शरिफाबी जाताना दारात मला चिमटा काढून म्हनली, "क्या गे कस्तुरा, बुढ्ढी को कां-कां फिरा रई तू?" मग हळूच — "मेरेकू भी लेके चल."

माघ वद्य ११

रानात गेले हुते. बांधावर तरवड पिवळाजर्द फुललाय. मधी जाऊन बसले. खाली बसलं की झुडूप डोक्यावर येतं. वारं न्हाय, तरी फुलं हालत हुती. कान लावला. पानी वाजल्यावानी झालं. खरंच झालं!

वाटलं, हळूच मान वर काढावी, पल्याड एक अर्धा मानूस चालताना दिसंल. पटका तिरपा, ह्यांचा आसायचा तसा.

न्हाय काढली मान.

फाल्गुन शुद्ध २

घात झाला.

आत्याबाईंना परसात न्यायला हात दिला. रोज दंड धरतात. आज मनगट धरलं. चाचपलं. मग दुसरं.

"हात मोकळं का गं तुझं?"

ह्याचं खरं उत्तर एकच हाय, आनि त्या उत्तराला तीन दिसाचा उपास हाय.

म्हनलं, "तरवडीची रीत हाय, आत्याबाई. तिथं पाखरं झुडपाच्या बुडात, भुईवरच अंडी घालतात. बांगडी वाजली की पाखरू उठतं, अंडी गार पडतात, आनि झुडूप वाळतं. म्हनून जिचा नवरा तरवडीला, तिनं बांगडी उतरून ठिवायची. हितं वाजली तरी तिथं ऐकू जाती."

"आसं व्हय," म्हनल्या. हात सोडला.

म्या भितीला टेकून उभी ऱ्हायले. सोताची पाठ थोपटावी वाटली. गाढवे, काय डोकं हाय तुझं!

फाल्गुन शुद्ध ५

डोकं कसलं, खापर!

आज शरिफाबी आली, आनि आत्याबाई तिची पाटी चाचपायला लागल्या. "हिरव्या कंच्या गं? सुनेला भर. दोन्ही हात भरून."

म्या म्हनलं, "आत्याबाई, पाखरं..."

"काय पाखरं-पाखरं! किती दिस झालं? अंडी काय वरीसभर उबवत्यात व्हय? पिल्लं कवाच उडून गेली आसतील. आनि उत्तरेश्वर आल्यावर बायकोचं हात आसं बघंल तर मला काय म्हनंल?"

कोंबड्या म्या पाळलेल्या. एकवीस दिसाच्या वर कुनी बसत न्हाय, ह्ये म्याच त्यांना सांगायचे.

शरिफाबीचं तोंड उतरलं. रांडमुंड बाईला हिरवा चुडा भरायचा? उद्या गावात तिची पाटी कुनी उतरून घ्यायचं न्हाय. कानात म्हनली, "कस्तुरा, नक्को गे."

आत्याबाई थांबलेल्या. वाटी तशीच. ताकभात खाल्लेला नव्हता.

म्या हात फुडं केला.

शरिफाबीनं माझी बोटं मुठीत धरली आनि दाबली, नव्या नवरीची दाबतात तशी. हाडं तीच, पन आता बांगडी चढंना. रगात आलं. एकेक करून बारा भरल्या. तिच्या डोळ्यातनं पानी, आनि तोंडानं — "जिती रह, भागवान रह." सगळ्यांना म्हनती तसंच म्हनली. पैसं घेतलं न्हाईत.

आत्याबाईंनी दोन्ही हात धरून वाजवून बघितलं. मग ताकभात खाल्ला. सगळा.

फाल्गुन शुद्ध ८

पानी आनायला पदराखाली हात घिऊन जाते. घागर उचलताना पदर सरकला. कल्याणाप्पा वान्याच्या बायकोनं, नीलम्मानं, बघितलं. तोंड उघडं ते उघडंच! म्हनलं, "नीलम्मा, माशी जाईल."

आता सांजंपर्यंत गावभर.

फाल्गुन शुद्ध ९

गेलंच गावभर. कोंडीरामभावजी, माझं धाकटं दीर, शेताच्या वस्तीवरनं आलं. उंबऱ्यातच उभं.

"वयनी, काय मांडलंय ह्ये? मेल्या मानसाला गावाला गेला म्हनायचं? वर चुडा?"

"हळू बोला भावजी."

"वरीसश्राद्ध आलंय तोंडावर. घरात बामन बसनार, पिंड व्हनार, आईला कळनार न्हाय व्हय?"

"म्हनून तर नदीवर करा म्हनते."

"लोक काय म्हनतील?"

"लोकांना तरवडीला धाडा."

हासलं न्हाईत. तेवढ्यात आतनं आत्याबाई — "कोन, कोंडीराम का? आरं, तुझा भाऊ लई मजेत हाय. तिथली नदी कानानं हुडकायची आसती!"

भावजी आईकडं बघत ऱ्हायलं. खांद्यावरचा गमजा तोंडाला लावला. जाताना म्हनलं, "नदीवर करू."

चैत्र वद्य ४

केलं. सीनंच्या काठाला. भावजी, बामन आनि म्या. बामनाला दिसू नयेत म्हनून बांगड्यांवर ओलं फडकं गुंडाळलं हुतं. कावळा लवकर शिवंना. भावजी घाबरं झालं, काय इच्छा ऱ्हायली म्हनून. म्या मनात म्हनलं, आवो, बघते मी आईकडं, जावा तुमी. तुमच्या मुलखाची उत्तर अजून मोकळी हाय, तिकडं जावा.

शिवला.

घरी आले तर आत्याबाई — "कुठं गेलतीस?" "नदीवर. धुनं." "आंगाला धुपाचा वास येतोय." "काटेकरांची जत्रा हुती," म्हनलं. त्यांनी मान हालवली. ह्या बाईला काय सांगावं आनि काय न्हाय!

वैशाख शुद्ध २

रुई उडायला लागली. आत्याबाईंच्या तळहातावर एक म्हातारी ठिवली. बराच येळ मूठ मिटून बसल्या. म्हनल्या, "हलकं मानूस दिसतंय."

वैशाख शुद्ध ६

सकाळी भाकर वाढली आनि त्यांनी इचारायच्या आधी म्याच म्हनलं, "उत्तरेश्वरांचा सांगावा आलाय."

"कोन उत्तरेश्वर?"

म्या हासले. वाटलं चेष्टा. त्यांचं तोंड बघितलं.

"तरवडीतलाच का कोन?" म्हनल्या. "काटेकर का रुईकर? तू सांगितलं न्हाईस ह्याचं."

मग म्हनलं, "माझा नवरा. गेल्या सालच्या चैतात मेला."

"अरेरे," म्हनल्या. माझ्या पाठीवरनं हात फिरवला. आनि भाकरीचा दुसरा घास घेतला.